पर्वतीय धावपट्टी : लुक्ला आणि जोमसोम

डोंगराळ मुलखात, समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर, अरुंद दरीत किंवा थेट डोंगरउतारावर बांधलेल्या आखूड धावपट्टीला पर्वतीय धावपट्टी म्हणतात. जिथे रस्ता पोचत नाही किंवा पावसाळ्यात टिकत नाही, तिथे औषधे, धान्य आणि माणसे नेण्यासाठी अशा धावपट्ट्या बांधल्या गेल्या. नेपाळ, पापुआ न्यू गिनी आणि आल्प्सच्या काही भागांत त्या आढळतात. मराठी वाचकाला त्यांतल्या दोन जवळच्या आहेत : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी लुक्ला आणि मुक्तिनाथाच्या यात्रेसाठी जोमसोम. ही नोंद मुख्यतः या दोन ठिकाणांच्या आधारे लिहिली आहे.

लुक्लाला ‘जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ’ हे बिरुद चिकटले आहे. ते वाहिन्यांच्या सोयीचे आहे, पण त्यातून धोका नेमका कशात आहे हे कळत नाही. सपाटीवरच्या विमानतळावर वैमानिकाची एखादी चूक दुसऱ्या प्रयत्नात सुधारता येते. पर्वतीय धावपट्टीवर तो दुसरा प्रयत्नच बहुधा मिळत नाही.

लुक्लाची जडणघडण

लुक्लाची धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने तयार झाली. खुंबू भागात शाळा आणि रुग्णालय बांधायचे होते आणि त्याचे सामान दिवसेंदिवस पाठीवर वाहून आणावे लागत होते. हिलरींना हवी असलेली सपाट शेतजमीन द्यायला शेतकरी तयार झाले नाहीत, त्यामुळे उतारावरची जागा घ्यावी लागली. आज जिची छायाचित्रे जगभर फिरतात ती तिरकी धावपट्टी अशी नाइलाजातून आली. झाडेझुडपे काढल्यावर माती फार भुसभुशीत निघाली. तेव्हा हिलरींनी शेर्पा मंडळींना स्थानिक दारू पाजली आणि त्या जागेवर त्यांचा पाय आपटत करायचा नाच घडवून आणला. रोलर म्हणून नाच वापरल्याचे दुसरे उदाहरण विमानतळांच्या इतिहासात सापडणे कठीण. पुढची साडेतीन दशके धावपट्टी कच्चीच राहिली आणि २००१ मध्ये तिच्यावर डांबर आले. २००८ मध्ये विमानतळाला तेनझिंग आणि हिलरी यांची नावे देण्यात आली.

धावपट्टी सुमारे २,८४५ मीटर उंचीवर आहे. लांबी ५२७ मीटर, उतार ११.७ टक्के. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ६० मीटरचा, वीस मजली इमारतीएवढा चढ आहे. खालच्या टोकापुढे दूधकोशीची दरी, वरच्या टोकामागे डोंगर. त्यामुळे विमाने दरीकडून येऊन चढावर उतरतात आणि उलट दिशेने, उतारावरून दरीकडे उडतात. वारा कुठूनही वाहत असो, दिशा बदलता येत नाही. चढामुळे विमान लवकर थांबते आणि उतारामुळे लवकर वेग घेते. हा उतार नसता तर एवढ्या लांबीत ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर २२८ सारखी आखूड धावपट्टीसाठीच बनवलेली विमानेही चालवणे अवघड झाले असते.

याची किंमत शेवटच्या टप्प्यात मोजावी लागते. सपाटीवर उतरताना काही बिनसले तर वैमानिक इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर चढतो आणि फेरी मारून येतो, याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. लुक्लात ठरावीक बिंदूच्या पुढे गेल्यावर हे करता येत नाही. समोर डोंगर असतो आणि वळायला जागा नसते. म्हणून उतरायचे की परतायचे हा निर्णय त्या बिंदूच्या आधी, धावपट्टी अजून लांब दिसत असतानाच घ्यावा लागतो.

विरळ हवेचा हिशेब

उंचावर हवा विरळ असते हे शाळेतच शिकवतात. विमानासाठी त्याचा अर्थ जरा गुंतागुंतीचा आहे. लुक्लाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. हवा गरम झाली की ती आणखी विरळ होते. या उंचीला प्रमाण तापमान उणे साडेतीन अंशांच्या आसपास धरतात. दिवस १५ अंशांचा असेल तर विमानाला आपण साडेतीन हजार मीटरवर आहोत असेच ‘वाटते’. पंखांना उचल कमी मिळते, पंख्याला पकडायला हवा कमी आणि इंजिनाचा जोरही घटतो.

वेगदर्शकावरचा आकडा मात्र वैमानिकाला हे सांगत नाही. उतरताना तो नेहमीचाच वेग ठेवतो, पण जमिनीच्या हिशेबाने विमान जवळपास एकपंचमांश अधिक वेगाने येत असते. थांबायला लागणारे अंतर आणि वळणाची त्रिज्या या गोष्टी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे सुमारे चाळीस टक्क्यांनी. अरुंद दरीत अशा वाढलेल्या त्रिज्येचे वळण पुरे होईल की नाही हे आधीच ताडावे लागते. दरीत शिरून परत फिरू म्हणणारे कित्येकजण या हिशेबात फसलेले आहेत. म्हणूनच दरीच्या मधोमध न उडता एका कडेने उडावे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते, असे शिकवले जाते.

डोळ्यांची फसवणूक

चढाच्या धावपट्टीचा आणखी एक उपद्रव आहे. सपाट धावपट्टी बघायची सवय झालेल्या डोळ्याला चढाची धावपट्टी समोर उभी राहिल्यासारखी दिसते आणि आपण फार उंचावरून येत आहोत असा भास होतो. वैमानिक नकळत खाली येतो. लुक्लात खाली येणे म्हणजे धावपट्टीच्या तोंडाखालच्या कड्याच्या पातळीला येणे. त्यात दरीतला वारा अचानक खाली दाबू लागला तर सावरायला उंचीच शिल्लक नसते.

ऑक्टोबर २००८ मध्ये यती एअरलाइन्सचे ट्विन ऑटर ढगाळ हवेत येताना धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. १८ जण मेले आणि केवळ कॅप्टन वाचला. मे २०१७ मध्ये मालवाहू लेट ४१० धावपट्टीच्या खालच्या उतारावर कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. एप्रिल २०१९ मधला अपघात निराळा होता. उड्डाणासाठी धावणारे विमान उजवीकडे भरकटले आणि शेजारच्या हेलिकॉप्टरवर जाऊन आदळले, तीन माणसे मेली. पार्किंगची जागा धावपट्टीला किती खेटून आहे हे तिथे उतरलेल्या कुणालाही पहिल्या मिनिटात दिसते.

जोमसोम : वारा आणि ढग

जोमसोमची धावपट्टी साधारण २,७३५ मीटरवर, धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधून वाहणाऱ्या कालीगंडकीच्या खोऱ्यात आहे. ऊन चढले की तिबेटकडचे पठार तापते आणि खोऱ्यातून वर जोराचा वारा सुटतो. तो अकराच्या सुमारास असा काही वाहू लागतो की विमानसेवा सकाळी आटोपती घ्यावी लागते. पोखऱ्याहून जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचे उड्डाण, पण विमान दोन प्रचंड पर्वतांमधल्या घळीतून जाते. ढगांवरून जावे म्हटले तर ही छोटी विमाने तेवढी उंच जात नाहीत.

नेपाळच्या ढगांत खडक असतात, असे तिथले वैमानिक म्हणतात. वाक्य चटपटीत आहे आणि तंतोतंत खरेही. विमान पूर्ण ताब्यात असताना, यंत्रात काही बिघाड नसताना डोंगराला धडकणे, हा इथल्या अपघातांचा ठरलेला साचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तारा एअरचे जोमसोमला निघालेले विमान असेच गेले आणि २३ जण दगावले. २९ मे २०२२ रोजी त्याच मार्गावर, त्याच कंपनीचे ट्विन ऑटर पडले. दगावलेल्या २२ जणांत ठाण्याचे एक चौघांचे कुटुंब होते. डोंगर जवळ आल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा आवाज त्या विमानात बंद केलेला होता, असे चौकशीत निघाले. यात बेफिकिरी होतीच. पण अरुंद दरीत ही यंत्रणा प्रवासभर ओरडत राहते आणि सतत ओरडणाऱ्या यंत्राचा आवाज माणूस बंद करतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

त्याआधी १४ मे २०१२ रोजी अग्नी एअरचे डॉर्नियर जोमसोमला पहिल्या प्रयत्नात न उतरता वळत असताना डोंगराला धडकले. २१ पैकी १५ जण मेले. त्यांत रसनाच्या जाहिरातीमुळे घरोघरी ओळखीची झालेली मुंबईची बालकलाकार तरुणी सचदेव आणि तिची आई होती. त्या दिवशी तरुणीचा वाढदिवस होता.

नियम आणि दबाव

लुक्लात कॅप्टन म्हणून विमान उतरवायला आखूड धावपट्ट्यांवरचा मोठा अनुभव आणि प्रशिक्षकासोबतच्या फेऱ्या लागतात. इथली उड्डाणे डोळ्यांनी जमीन बघतच करायची असतात, ढगातून खाली आणणारी उपकरणे धावपट्टीवर नाहीत. नियम कागदावर कडक आहेत. अंमलबजावणीबद्दल शंका घ्यायला मात्र जागा आहे. नेपाळचे नागरी उड्डयन प्राधिकरण नियामकही आहे आणि विमानतळ चालवणारेही, यावर वर्षानुवर्षे टीका होत आली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये युरोपियन संघाने नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली.

दबाव प्रवाशांचाही असतो. हवा दोन दिवस बंद राहिली की लुक्लात शेकडो ट्रेकर अडकतात. कुणाचे मुंबईचे, कुणाचे लंडनचे पुढचे विमान चुकत असते आणि काउंटरवर आवाज चढतात. हवा तासभर उघडली की जितक्या होतील तितक्या फेऱ्या मारायची घाई सुरू होते आणि शेवटची फेरी बंद होत जाणाऱ्या हवेत सापडते. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापहून होतात. तिथून हवाई अंतर कमी असल्याने सकाळच्या चांगल्या हवेत जास्त फेऱ्या बसतात. प्रवाशाला त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने निघून चार-पाच तास प्रवास करावा लागतो. अनुभवी ट्रेक आयोजक कार्यक्रमात परतीसाठी किमान दोन दिवस मोकळे ठेवतात आणि परतीचे आंतरराष्ट्रीय तिकीट त्या हिशेबानेच काढायला सांगतात.