एक्सएसएलटीमध्ये लगतच्या एलिमेंट्सचं ग्रुपिंग

एक्सएसएलटी ही एक्सएमएल (टॅग लावून लिहिलेला मजकूर) एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारी भाषा. तिच्यात लगतचं ग्रुपिंग म्हणजे एक्सएमएल डॉक्युमेंटमध्ये एकाला लागून एक आलेले सारखे एलिमेंट (टॅगने बांधलेले तुकडे) उचलून एका नव्या पॅरेंटमध्ये गुंडाळायचे, पण मूळ क्रमाला हात लावायचा नाही. वर्ड प्रोसेसरमधून निघालेल्या एक्सएमएलला याची गरज हमखास पडते, कारण तिथे लिस्टसाठी बाहेरचा डबा सहसा नसतोच, सगळे पॅराग्राफ एकाखाली एक सपाट पसरलेले आणि त्यातल्या काहींना फक्त लिस्टची स्टाइल लावलेली, आणि एचटीएमएलला मात्र यूएलच्या (लिस्टचा डबा) आत एलआय (लिस्टमधला एकेक मुद्दा) हवे असतात.

नवीन माणूस आधी काय करतो, तर लिस्टवाला पहिला पॅरा दिसला की यूएलचा उघडणारा टॅग टाकायचा आणि शेवटचा दिसला की बंद करणारा. हे चालत नाही. स्टाइलशीट (म्हणजे एक्सएसएलटीत लिहिलेला प्रोग्रॅम) टेक्स्ट छापत नाही, ट्री बांधते, आणि ट्रीमध्ये अर्धा नोड (घटक) नसतो. डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग लावून टॅग साध्या टेक्स्टसारखे घुसवणारेही असतात पण ते सगळं सीरियलायझरच्या (ट्रीचं शेवटी टेक्स्ट करणाऱ्या भागाच्या) भरवशावर, आउटपुट पुढच्या स्टाइलशीटला थेट ट्री म्हणून दिलं की मुसळ केरात.

१९९९ च्या एक्सएसएलटी १.० मध्ये ग्रुपिंगसाठी वेगळी इन्स्ट्रक्शनच नव्हती. स्टीव्ह म्युंक यांच्या नावाने ओळखली जाणारी म्युंकियन पद्धत ('की' आणि 'जनरेट-आयडी' ही फंक्शन्स वापरणारी) लोक सर्रास वापरायचे, पण ती सारख्या किमतीचे नोड कुठूनही गोळा करते, शेजारपाजार बघत नाही, म्हणून इथे तशीच्या तशी उपयोगाची नाही. मग उरतं भावंडांवरून, म्हणजे एकाच पॅरेंटमधल्या एलिमेंट्सवरून, चालत जाणं (सोपं पडावं म्हणून लिस्टवाल्या पॅराला इथून पुढे एलआयच म्हणू): ज्याच्या लगेच आधी एलआय नाही अशा एलआयवर यूएल उघडायचं, वेगळ्या मोडमध्ये (टेम्प्लेट्सच्या वेगळ्या संचात) तो एलआय लिहायचा, त्याच्या लगेच पुढचं भावंड एलआय असेल तरच तिकडे जायचं, नसेल तर थांबायचं. बाकीच्या एलआयसाठी नेहमीच्या मोडमध्ये रिकामं टेम्प्लेट ठेवावं लागतं, ते विसरलं की त्यातला प्रत्येक एलआय दोनदा येतो. लिस्ट फार लांब असेल तर रिकर्शनची (टेम्प्लेटने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) खोली पण वाढत जाते.

२००७ मध्ये एक्सएसएलटी २.० आलं आणि फॉर-ईच-ग्रुप मिळालं, त्याचे चार प्रकार: ग्रुप-बाय, ग्रुप-अ‍ॅडजसंट, ग्रुप-स्टार्टिंग-विथ, ग्रुप-एंडिंग-विथ. समजा ओळीने पॅरा, पॅरा, एलआय, एलआय, पॅरा, एलआय असे सहा एलिमेंट आहेत. नावावरून ग्रुप-बाय केलं तर दोनच ग्रुप होतात आणि शेवटचा एलआय उडी मारून वरच्या दोघांत जाऊन बसतो, म्हणजे मजकुराचा क्रमच बिघडला. ग्रुप-अ‍ॅडजसंट चार ग्रुप देतं, 'की' (ग्रुप ठरवणारी किंमत, इथे नाव) बदलली की नवा ग्रुप, एवढा साधा नियम. आत करंट-ग्रुपिंग-की (चालू ग्रुपची की) तपासून ठरवायचं की करंट-ग्रुप (चालू ग्रुपमधले एलिमेंट) यूएलमध्ये गुंडाळायचा का तसाच पुढे पाठवायचा.

'की' म्हणून लोक नुसतं सेल्फ::एलआय ('हा स्वतः एलआय असेल तर तो') लिहितात आणि एरर खातात, कारण २.० मध्ये प्रत्येक आयटेमची की बरोब्बर एकच व्हॅल्यू लागते आणि पॅरासाठी ती रिकामी येते. बूलियन() फंक्शनमध्ये घातलं की ट्रू किंवा फॉल्स मिळतं, काम झालं. याहून त्रासदायक भानगड व्हाइटस्पेसची, एरर येत नाही म्हणून जास्तच. सिलेक्टमध्ये नोड() दिलं तर दोन एलआयच्या मधली नवी ओळसुद्धा टेक्स्ट नोड म्हणून मोजली जाते, तिची की फॉल्स, आणि प्रत्येक एलआयला स्वतःचं वेगळं यूएल मिळतं. फक्त एलिमेंट निवडायचे नाहीतर स्ट्रिप-स्पेस (नुसत्या व्हाइटस्पेसचे नोड काढून टाकणारी सोय) वापरायचं, मिक्स्ड कंटेंट (मजकूर आणि टॅग एकत्र) असेल तर मात्र जपून, टॅग लावलेल्या दोन शब्दांमधल्या खऱ्या स्पेसही उडतात.

हेडिंगपासून पुढच्या हेडिंगपर्यंतचा सेक्शन हवा असेल तर ग्रुप-स्टार्टिंग-विथ बरं पडतं, फक्त पहिल्या हेडिंगच्या आधी काही असेल तर त्याचाही एक ग्रुप होतो हे धरून चालावं.

२०१७ च्या ३.० मध्ये कंपोझिट आलं, म्हणजे स्टाइल आणि लेव्हल अशा दोन गोष्टी मिळून एक की देता येते. सॅक्सनसारख्या प्रोसेसरमध्ये (स्टाइलशीट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हे मिळतं, पण लिबएक्सएसएलटी हा दुसरा प्रोसेसर अजून १.० वरच आहे, त्यामुळे ते भावंडांवरून चालत जाणारं टेम्प्लेट जुन्या स्टाइलशीट्समध्ये आजही भेटतं.