पोलिसाला काय दिसतं?

लपाछपीत तीन वर्षांचं पोर दोन्ही हातांनी डोळे झाकून खोलीच्या मधोमध उभं राहतं आणि आपण लपलो म्हणून खूश होतं. मग घरातलं कोणीतरी डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची आठवण काढतंच. दुसऱ्याला काय दिसतं हे मुलांना कधी कळू लागतं, यावर मानसशास्त्रात पाऊणशे वर्षं वाद चालू आहे.

त्याची सुरुवात जिनिव्हातली. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली मांडलेला प्रयोग असा: टेबलावर तीन डोंगर. एकावर बर्फ, एकावर छोटं घर, एकावर क्रूस. मूल एका बाजूला, बाहुली दुसऱ्या बाजूला. बाहुलीला काय दिसतं ते चित्रांतून निवडायचं. लहान मुलं बहुधा स्वतःला दिसणारंच चित्र उचलत. पियाजेंनी याला आत्मकेंद्रितता म्हटलं. स्वार्थीपणाशी तिचा संबंध नाही, पण हा गैरसमज अजूनही होतो.

माझ्या मते खरी गंमत एडिंबरोत झाली. डोंगर नेमके कुठून कसे दिसतील, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. मार्टिन ह्यूजेस यांनी डोंगर बाजूला ठेवले आणि अधिकच्या चिन्हासारख्या दोन भिंती उभ्या केल्या. भिंतींच्या टोकांशी दोन पोलीस बाहुल्या. त्यांना दिसणार नाही अशा कोपऱ्यात एका पोराच्या बाहुलीला लपवायचं. साडेतीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली! पोलिसापासून का लपायचं, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मार्गारेट डोनाल्डसन यांच्या १९७८च्या पुस्तकामुळे हा प्रयोग सर्वदूर पोचला.

दरम्यान अमेरिकेत जॉन फ्लॅवेल यांनी प्रश्नाचेच दोन तुकडे केले: दुसऱ्याला दिसतं का, आणि कसं दिसतं. कार्डाच्या एका बाजूला कुत्रा, दुसऱ्या बाजूला मांजर असेल तर समोरच्याला काय दिसतं ते तीन वर्षांचं मूलही सांगतं. मात्र मध्ये आडव्या ठेवलेल्या चित्रातलं कासव समोरच्याला उलटं दिसतं, हे बहुतेकांना चारेक वर्षांचं झाल्यावरच उमगतं.

आणि डोळे झाकणारं पोर? केंब्रिजमधल्या जेम्स रसेल यांच्या गटाने २०१२ साली तीन-चार वर्षांच्या मुलांना तेच विचारलं. डोळे झाकल्यावर तुझं शरीर दिसतं का? दिसतं, असं बरीच मुलं म्हणाली. मग तू दिसतोस का? नाही.