आरोग्यासाठी धर्मादाय निधी: सोलापुरातल्या अर्जामागचे दीडशे वर्षांचे कागद

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांचे हिमोग्लोबिन तपासायचे असो की पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांसाठी औषधांचा तंबू टाकायचा असो, स्थानिक फाउंडेशनकडे पैसे मागायला गेलेल्या संस्थेच्या हातात आधी यादी पडते. नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा उतारा, घटना व नियमावली, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, १२ए आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रे, दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा) क्रमांक, सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीचा) क्रमांक, कार्यकारिणीचा ठराव. यादी बघून बऱ्याच मंडळांचा समज होतो की समोरच्याला द्यायचेच नाही. तसे नसते. ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. १८६० पासून एकेक कायदा येत गेला, प्रत्येकाने आपापला संशय सोबत आणला आणि त्या संशयाचे उत्तर म्हणून एकेक कागद वाढला. कोणता कागद कुठल्या संशयातून आला हे माहीत असले, की अर्ज का अडला हे फोन न करताही कळते.

आधीची पद्धत पेढीवरची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर हे गिरण्यांचे आणि व्यापाराचे गाव झाले. त्याच काळात १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि पुढे प्लेगची साथही इथल्या माणसांनी पाहिली. मदत हवी तर ओळखीचा माणूस घेऊन शेठजींकडे जायचे, शब्द टाकायचा. बाजारपेठांमध्ये व्यवहारामागे ‘धर्मादा’ म्हणून ठरावीक रक्कम कापायची रूढी होती. ती पाणपोई, धर्मशाळा, दवाखाना अशा कामांना जाई. पैसा गिऱ्हाइकाकडून घेतलेला, वहीत मात्र व्यापाऱ्याच्या नावावर. हिशेब मागायचा कुणी आणि कुणाकडे, हे ठरलेलेच नव्हते.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने निदान मंडळाला कायदेशीर नाव दिले आणि दरवर्षी कार्यकारिणीची यादी दाखल करायला सांगितले. १८९० चा धर्मादाय देणगी कायदा सरकारच्या ताब्यात दिलेल्या निधीपुरता होता. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा कायदा झाला, पण विश्वस्तांवर खरा वचक बसला नाही. मग न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये समिती नेमली गेली आणि तिच्या पाठोपाठ मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आला. आज त्याच्या नावात ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ आहे. धर्मादाय आयुक्त हे पद या कायद्याने निर्माण केले. व्यापाऱ्याकडे जमलेल्या धर्मादाची रक्कमही त्याने पकडली: कलम ५४ प्रमाणे ती रक्कम गोळा करणारा तिचा विश्वस्त ठरतो आणि त्याला हिशेब द्यावा लागतो.

सोलापुरातल्या अर्जांचे सगळ्यात जास्त दुखणे अजूनही याच १९५० च्या थरात आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

महाराष्ट्रात संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाला बहुधा दोन क्रमांक असतात. एक १८६० च्या कायद्याखालचा आणि दुसरा विश्वस्त व्यवस्था म्हणून मिळालेला, ‘एफ’ने सुरू होणारा. अर्जात दोन्ही लागतात. एकच लिहिला तर छाननी करणारा दुसरा मागतो आणि त्यात पंधरवडा जातो. परिशिष्ट एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा. त्यावर विश्वस्तांची नावे आणि मिळकती असतात. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो दाखल होतो, सुनावणी लागते, कुणी हरकत घेतली तर लांबते आणि दरम्यान दुसरी निवडणूक होते. परिणाम असा की उताऱ्यावर एक अध्यक्ष, ठरावावर दुसरा आणि बँकेच्या सह्यांमध्ये तिसरा. कित्येकदा उताऱ्यावरचे अध्यक्ष हयातही नसतात. फाउंडेशनच्या वकिलाला यात भांडण दिसते आणि भांडणात पैसा घालायला कुणी तयार नसते.

यावर उपाय साधा आहे, पण अर्जाच्या आधी करायचा. प्रलंबित असलेल्या प्रत्येक बदल अर्जाचा क्रमांक आणि पोच जोडावी. लागोपाठ दोन-तीन बदल प्रलंबित असतील तर ते तारखेच्या क्रमाने एका पानावर मांडावेत. उतारा जुना जोडू नये, ताजी प्रमाणित प्रत काढावी. धनादेशावर सही करणारे तेच लोक ठरावातही नावानिशी असावेत.

दुसरी अडचण घटनेतल्या उद्देशांची. क्रीडा, शिक्षण आणि उत्सव यांसाठी नोंदलेले मंडळ आरोग्य शिबिरासाठी अर्ज करते, तेव्हा उद्देशात ‘वैद्यकीय मदत’ किंवा ‘आरोग्य’ हे शब्द आहेत का, ते तपासले जाते. नसतील तर १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विशेष सभा, दहा दिवसांची नोटीस, तीन पंचमांश मते, महिन्यानंतर दुसरी सभा आणि तिथे पुन्हा तेवढीच मते. त्यानंतर धर्मादाय कार्यालयातली नोंद. म्हणजे नुसत्या सभांनाच दोन महिने धरावेत. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी हे लक्षात आले तर त्या वर्षीचा अर्ज सोडून द्यावा. नोंदणीच नसलेल्या गणेशोत्सव मंडळांनी नोंदणीकृत संस्थेमार्फत जावे, पण मग पैसा, पावती आणि जबाबदारी तिघेही त्या संस्थेचे, हे आधी लेखी ठरवून.

आयकराचा थर यानंतरचा. १९६१ च्या कायद्यातल्या १२ए नोंदणीने संस्थेचे उत्पन्न करमुक्त होते, तर ८०जीमुळे देणाऱ्याला सवलत मिळते. दोन्हींची गल्लत नेहमीची. २०२१ पर्यंत ही प्रमाणपत्रे एकदा मिळाली की कपाटात जात. १ एप्रिल २०२१ पासून ती मुदतीची झाली आणि सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली. ज्यांनी तेव्हा अर्ज भरला नाही, ते आजही जुने चौकटीत लावलेले प्रमाणपत्र स्कॅन करून पाठवतात आणि पहिल्याच छाननीत बाद होतात. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले. लोकांच्या तोंडी १२ए आणि ८०जीच राहणार, पण अर्जात प्रमाणपत्रावर जे छापले आहे तेच लिहावे.

देणाऱ्या न्यासाचे स्वतःचे आयकराचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. त्याला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च दाखवायचे असतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकरकमी खरेदीचे अर्ज, जसे की रक्तदाबाची यंत्रे किंवा खाटा, पटकन मंजूर होताना दिसतात, आणि वर्षभराचे कार्यक्रम एप्रिलनंतर विचारात घेतले जातात. मात्र २०२३ च्या वित्त कायद्याने एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरायचे ठरवले. शंभर रुपये दिले तर पंच्याऐंशीच मोजले जातात. मग अनेक न्यास संस्थेच्या खात्यात पैसे न टाकता तपासणी केंद्राचे किंवा पुरवठादाराचे बिल थेट भरणे पसंत करतात. अर्जात तो पर्याय स्वतःहून लिहिला तर देणाऱ्याचे काम सोपे होते. तसेच एका न्यासाने दुसऱ्याच्या कायम निधीत दिलेली रक्कम खर्चात धरलीच जात नाही, त्यामुळे ‘कायम निधीसाठी मदत’ हे शब्द अर्जात नसलेलेच बरे.

कंपन्यांचा पैसा आला तो २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे, १ एप्रिल २०१४ पासून. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर. परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो, आणि कारखानदारी असलेल्या जिल्ह्याला त्याचा फायदा होतो. २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांकाशिवाय असा पैसा घेता येत नाही. बाहेरच्या संस्थेला १२ए व ८०जी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ‘तशाच’ या शब्दावर अर्ज अडतात: दहा वर्षे शाळा चालवली म्हणून आरोग्याचा अनुभव धरला जात नाही.

इथला एक हट्टी गैरसमज म्हणजे प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांत बसवायचा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाची आहे. प्रकल्पावर थेट काम करणारी परिचारिका, तिचा प्रवास, नोंदी ठेवणारा माणूस हा प्रकल्पखर्च आहे. तो लपवला की शिबिर होते आणि नोंदी होत नाहीत. अर्थात एखाद्या फाउंडेशनने स्वतःची वेगळी मर्यादा लावली असेल तर ती पाळावीच लागते. ती आधी विचारून घ्यावी.

सोलापुरात कामाचे स्वरूप का बदलले, यालाही मागचा संदर्भ आहे. गिरणीतल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याखालचा राज्य विमा होता. गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसे यंत्रमाग, विडी आणि घरगुती कामांत पांगली. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने उपकरातून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकरच गेला. म्हणजे धुळीचा खोकला, मान-पाठीचे दुखणे आणि रक्तक्षय घेऊन जगणारा मोठा वर्ग धर्मादाय मदतीच्या दारात आला.

शस्त्रक्रियेच्या खर्चाचे मात्र उलटे झाले. गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त कायद्याच्या कलम ४१एए आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यामुळे ‘गरीब रुग्णांच्या शस्त्रक्रियेसाठी’ असा अर्ज गेला की पहिला प्रश्न येतो: योजनेत का बसले नाही? हीच गत लोहाच्या गोळ्यांची. त्या सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतात, त्यांची खरेदी अंदाजपत्रकात दिसली की शंका येते. मागावे ते मधले काम: तपासणी, पाठपुरावा, रुग्णाला योजनेच्या कागदांपर्यंत आणि रुग्णालयापर्यंत नेणे. क्षयरुग्णांच्या पोषण आहारासाठी तर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ म्हणजे रुग्णांना मदत देणारा नोंदणीकृत दाता होण्याची अधिकृत वाटच आहे.

रक्तक्षयाचा अर्ज कसा असावा, याचे एक उदाहरण. ‘एक हजार महिलांची तपासणी’ एवढे लिहून भागत नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली, तर रक्तक्षय, हा निकष लिहावा. कमी निघालेल्यांची तीन महिन्यांनी फेरतपासणी कोण करणार आणि त्यासाठी तपासणीच्या किती पट्ट्या ठेवल्या, हे लिहावे. फेरतपासणीला सगळ्या येत नाहीत, तेव्हा घरी जाऊन शोधण्याचा प्रवासखर्च धरावा. शहराच्या पूर्व भागात पत्रक तेलुगूतही लागते, काही वस्त्यांत कन्नड आणि उर्दूतही. ती छपाई वेगळी दाखवावी. तयार विड्या कारखान्यात देऊन यायची वेळ आणि शिबिराची वेळ एक आली तर मांडव रिकामा राहतो, हे पैसे देणाऱ्यांना माहीत नसते. अर्जदाराने ते लिहिले की त्याला वस्ती ठाऊक आहे हे दिसते.

रक्त काढायचे म्हणजे सुया आणि कापूस. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम शिबिरांनाही लागू आहेत. कचरा कुठल्या रुग्णालयामार्फत उचलला जाईल त्याचे पत्र जोडावे. शिबिरात फिरते सोनोग्राफी यंत्र ठेवण्याची कल्पना मनातून काढून टाकावी, गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात ते सरळ अडकते. मोतीबिंदूसाठी तपासणी वस्तीत आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, असेच लिहावे. मंगल कार्यालयात टेबले टाकून शस्त्रक्रिया करण्याचा काळ गेला.

रुग्णवाहिकेचा मोह सगळ्यांनाच होतो, फलकावर नाव झळकते म्हणून देणाऱ्यालाही. चालकाचा पगार, डिझेल, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि टायर यांचे पाच वर्षांचे गणित नसेल तर गाडी दुसऱ्या वर्षी संस्थेच्या आवारात उभी राहते. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कुणाच्या नावावर असावी यालाही नियम आहे. सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर ती चालते, अध्यक्षांच्या नावावर नाही.

मंजुरीनंतर वेगळे बँक खाते उघडावे, किंवा निदान खातेवहीत वेगळे पान ठेवावे. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही, म्हणून मांडववाल्यालाही खात्यावरच पैसे द्यावेत. देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये पडतात आणि देणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही, तो पुढच्या वर्षी दार उघडत नाही ते वेगळेच. आषाढीच्या सेवेसाठी मे महिन्यात अर्ज घेऊन धावणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते. वारी जून-जुलैत येते, फाउंडेशनच्या बैठका मात्र तिमाहीत एखादी. तो अर्ज जानेवारीतच पोचलेला हवा, औषधांच्या यादीसह आणि तंबूत बसणाऱ्या डॉक्टरांच्या संमतिपत्रांसह.