सुषुप्ती आणि तुरीय यांची गल्लत

ओंकारातला अकार म्हणजे जागृती, उकार म्हणजे स्वप्न, मकार म्हणजे सुषुप्ती, अर्थात गाढ झोप. ओंकाराची साधना करणाऱ्याला एवढं पाठ असतंच. ओंकार किती लांबवायचा, ओठ नेमके कधी मिटायचे, हे ज्याच्या त्याच्या श्वासावर सोडावं.

घोळ होतो तो मकाराच्या पुढे. नाद विरला, विचार थांबले, वेळेचं भान सुटलं, की 'तुर्या लागली' म्हणून मोकळे! तुर्या म्हणजेच तुरीय, या तिन्ही अवस्थांपलीकडचं. शिकवणारेही बिनदिक्कत असं सांगतात, याचा मला खरा राग आहे. ही अवस्था बहुतेकदा नुसता लय असते, म्हणजे बसल्या जागी लागलेली झोप.

ओंकार आणि या अवस्था सांगणारं मांडूक्य उपनिषद अवघ्या 12 मंत्रांचं आहे. त्यात पाचवा मंत्र सुषुप्तीला 'प्रज्ञानघन', म्हणजे जाणिवेचा एकसंध गोळा, म्हणतो आणि सातवा तुरीयाबद्दल स्पष्ट बजावतो: 'न प्रज्ञानघनम्'. पुढे 'नाप्रज्ञम्' असंही म्हणतो, म्हणजे तिथे नेणीवही नाही. इतकं उघड सांगितलेलं असताना कोऱ्या मनाला तुरीय म्हणायचं कशाच्या आधारावर?

फसगत का होते, तेही गौडपादाचार्यांनी कारिकेत, म्हणजे या उपनिषदावरच्या श्लोकबद्ध विवेचनात, सांगून ठेवलंय. द्वैत, म्हणजे 'मी' आणि 'दुसरं' हा भेद, सुषुप्ती आणि तुरीय दोन्हीकडे जाणवत नाही. पण सुषुप्तीत अज्ञानाचं बीज शाबूत असतं, तुरीयात ते नसतं. म्हणून गाढ झोपेतून उठलेला माणूस तोच राग, तीच भीती घेऊन उठतो.

बसल्यावर एवढंच पाहा. 'म्' टाळूत घुमतो, बारीक होत जातो. तो संपला त्या क्षणी तुम्ही जागे होतात का? की हनुवटी छातीकडे गेली, पुढचा ओंकार राहून गेला आणि दचकून डोळे उघडले? तसं झालं तर 'लये सम्बोधयेच्चित्तम्' हा कारिकेचाच उपाय आहे: चित्ताला जागं करा. मी तर म्हणेन, पाठ ताठ करून पुढचा ओंकार मोठ्याने म्हणा.

आणि तुरीय ही तिसरीनंतरची चौथी पायरीही नव्हे. बारावा मंत्र त्याला 'अमात्र' म्हणतो, म्हणजे अ, उ, म सारखी मात्राच नसलेलं. जागेपणी, स्वप्नात, झोपेत जे बदलत नाही ते तुरीय. ते आज लागलं आणि काल लागलं नव्हतं, असं होतच नाही.