नागीण आणि तिचा विषाणू

नागीण हा कांजण्यांच्याच विषाणूचा दुसरा फेरा, बऱ्याच वर्षांनी येणारा. व्हॅरिसेला झोस्टर त्याचं नाव, हर्पिस घराण्यातला. मालवण-वेंगुर्ल्याकडे अजून बरेच जण आधी नागीण उतरवणाऱ्याकडे जातात, गेरू लावतात, आणि अंगावरच्या फोडांच्या पट्ट्याचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो ही धास्ती घराघरात असते.

विषाणूच्या पोटात दुपदरी डीएनए, साधारण १,२५,००० बेस जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), ७० च्या आसपास जीन्स. भोवती वीस बाजूंचं प्रोटीनचं कवच, वर प्रोटीनचाच एक थर आणि सगळ्यात बाहेर आपल्याच पेशीकडून उचललेलं चरबीचं आवरण. पेशीत शिरल्यावर कवच केंद्रकापर्यंत जातं आणि तिथल्या छिद्रातून नुसता डीएनए आत सोडतं, मग त्याची टोकं जुळून रिंगण होतं. जीन्स वाचायचं काम आपली पेशीच करते, पण कॉप्या काढणारं पॉलिमरेज त्याचं स्वतःचं. कॉप्या एकाला एक जोडलेल्या लांबलचक निघतात, त्या कापून एकेका कवचात भरल्या जातात. (सगळे डीएनए विषाणू असं करत नाहीत, देवीचा विषाणू केंद्रकात न जाता बाहेरच सगळं उरकायचा.)

कांजण्या बऱ्या झाल्या तरी हा डीएनए मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत पडून राहतो. वय झालं, स्टिरॉइड किंवा केमो चालू असली की परत जागा होतो आणि त्याच नसेतून कातडीवर उतरतो. आधी दोन-तीन दिवस नुसती आग, वर काहीच दिसत नाही, माणसाला वाटतं पाठ भरली, मग लाल चट्ट्यावर पाण्याचे फोड घोसाने येतात. नस शरीराची एकच बाजू सांभाळते म्हणून पट्टा कण्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत येऊन थांबतो, आणि क्वचित दोन्ही बाजूंना उठला तरी वेढा पूर्ण झाला म्हणून कोणी मरत नाही.

असायक्लोविर गोळी विषाणूच्याच एन्झाइममुळे चालू होते आणि बनत असलेली कॉपी अर्ध्यात तोडते; झोपलेल्या डीएनएची कॉपी होतच नसते, म्हणून तो तसाच राहतो. फोड दिसल्यापासून ७२ तासांत ती सुरू व्हायला हवी. फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप वाळतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं, पण नसेची ठणक कित्येकांना महिनोन् महिने छळते, म्हाताऱ्या माणसांना तर अंगावरचा सदराही सहन होत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, नजर जाऊ शकते.