‘उत्तर नेहमी वरच येतं’ : प्रकीर्णनात हे खरं नाही

साताऱ्या-सांगलीकडे एम.एस्सी.च्या झेरॉक्स नोट्समधून एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: व्हेरिएशनल पद्धतीचं, म्हणजे अंदाजानं घेतलेल्या तरंग-फंक्शनवरून (ट्रायल फंक्शन) काढलेलं, उत्तर खऱ्या उत्तराच्या कधीच खाली जात नाही. हे मूळ (सर्वांत खालच्या) अवस्थेच्या ऊर्जेपुरतं बरोबर आहे. हेलियमसाठी सोपं ट्रायल फंक्शन घेतलं, तर −७७.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. खरी किंमत सुमारे −७९. वरच.

प्रकीर्णनात, म्हणजे कण लक्ष्यावर येऊन विखुरतो तेव्हा, मात्र ऊर्जा आपणच ठरवतो. शोधायचा असतो फेज शिफ्ट, म्हणजे विखुरताना कणाची लाट किती पुढे-मागे सरकली ते. भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोनच्या १९४८ च्या तत्त्वानुसार फंक्शनमधली चूक छोटी असेल तर उत्तरातली चूक तिच्या वर्गाइतकी राहते. पण ती अधिक की उणे, याची हमी नाही. खंबाटकीच्या माथ्यावर उभं राहा: रस्ता दोन्हीकडे उतरतो, डोंगर दोन्हीकडे चढतो. जागा सपाट, पण ना शिखर ना तळ.

‘ट्रायल फंक्शनमधली पदं वाढवा, उत्तर सुधारेल’ हा सल्ला तर जास्तच धोक्याचा. १९६१ मध्ये चार्ल्स श्वार्ट्झनं इलेक्ट्रॉन-हायड्रोजनच्या गणितात दाखवलं, की काही ऊर्जांजवळ उत्तर अचानक भडकतं. तो रेझोनन्स (ठरावीक ऊर्जेला कण लक्ष्यापाशी थोडा वेळ अडकणं) नसतो. निवडलेल्या पदांतलं H−E मॅट्रिक्स (H हा ऊर्जेचा ऑपरेटर, E ही ठरवलेली ऊर्जा) तिथं जवळजवळ व्यस्तहीन होतं, म्हणजे त्यानं भागणं शून्यानं भागण्यासारखं होतं, एवढंच. (असा खोटा रेझोनन्स प्रोजेक्टमध्ये मिरवायचा मोह होतो खरा.) पदांची संख्या किंवा पॅरामीटर थोडा बदलून पाहा, खोटा असेल तर सहसा जागा बदलतो.

वरची मर्यादा हवीच असेल, तर शून्य ऊर्जेवरच्या प्रकीर्णन-लांबीसाठी (तिथं फेज शिफ्टऐवजी हीच शोधतात) ती मिळते, बद्ध अवस्था, म्हणजे कण लक्ष्याला कायमचा बांधला जाईल अशी अवस्था, नसेल तेव्हा.