कासवाचं अंडं फिरवू नका

कोंबडी खुडूक बसली की अंडी चोचीने सारखी फिरवत राहते. उबवणी यंत्रातही तीच सोय असते. ते पाहून घरच्या टाकीतल्या रेड-इअर्ड स्लायडर या पाळीव कासवाने अंडी घातल्यावर हौशी माणसं तीही रोज उलटीपालटी करतात, आणि आतलं पिल्लू मरतं.

कोंबडीच्या अंड्यात पिवळा बलक दोन पीळदार धाग्यांनी मधोमध तोलून धरलेला असतो. अंडं फिरवत राहिल्याने गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटत नाही. कासवाच्या अंड्यात हे धागेच नसतात, आणि इथे गर्भाने चिकटायलाच हवं! मादीच्या अंडनलिकेत ऑक्सिजन फार कमी असल्यामुळे गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर पडलं, कवचातून हवा आत शिरली की ती पुन्हा सुरू होते. बलक आतल्या आत वळून गर्भ वरच्या बाजूला येतो आणि बलकाचा पापुद्रा तिथेच कवचाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. बाहेरून तेवढाच भाग पांढराफटक दिसू लागतो. पुढे हा डाग पसरत जातो. पांढऱ्या बलकातलं पाणी गर्भाखाली जमतं, कवचाचा वरचा भाग कोरडा होतो आणि तिथून ऑक्सिजन सहज आत जातो. अशा वेळी अंडं उलटलं तर नाजूक पापुद्रे फाटतात. म्हणून उचलण्याआधीच वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी आणि ओलसर वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या हलक्या खनिजात ती खूण वर ठेवूनच अंडं अर्धं पुरावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवतानाही वेळ आणि हात सांभाळावे लागतात, ते याच कारणाने.

नर की मादी हे स्लायडरमध्ये गुणसूत्रं ठरवत नाहीत. उबवणीच्या मधल्या टप्प्यातलं तापमान ते ठरवतं: 26 अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळे नर, 31 ला माद्या. ‘उत्तरेला कासव ठेवा, पैसा येईल’ या वास्तूवाल्यांच्या सांगण्याला मात्र कसलाही आधार नाही. त्या समजुतीपायी जंगलातून पकडलेली स्टार कासवं चोरून विकली जातात. ती पाळणं हा गुन्हा आहे.

स्लायडर मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. पिल्लं सांभाळायची तयारी नसेल, तर अंडी घातल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवावीत. नंतर मोठं झालेलं कासव गावच्या तळ्यात मुळीच सोडू नये.